म्हातारी आणि आजोबा

वाऱ्यावर तरंगणारी पांढरी म्हातारी लहानपणी तुम्ही पकडली असेलच, आणि फुंकर मारून पुन्हा उडवलीही असेल. सूर्यफुलाच्या कुळातल्या अनेक झाडांच्या चिमुकल्या फळांवर असेच मऊ केस असतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना 'पॅपस' म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, लॅटिनमार्गे आलेला. 'पाप्पोस' म्हणजे चक्क आजोबा! पांढरे केस पाहून ग्रीकांना आजोबा आठवले, आपल्याला म्हातारी.

सह्याद्रीच्या पठारांवर पाऊस सरताना पिवळी सोनकी फुलते. तिच्या प्रजातीचं नाव 'सेनेसिओ'. लॅटिन 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा माणूस. पुन्हा तेच पिकलेले केस!

रुईची म्हातारी मात्र पॅपस नव्हे बरं का. पॅपस हा फुलाच्या निदलपुंजाचाच बदललेला अवतार, फळाच्या माथ्यावर बसलेला. रुईचा झुपका थेट बीवर उगवतो. त्याला 'कोमा' म्हणतात, कारण ग्रीक 'कोमे' म्हणजे केस. धूमकेतूचं 'कॉमेट' हे नावही त्यातूनच आलं.

घराजवळ एकदांडी उगवली असेल, तर तिचं सुकलेलं फूल तळहातावर चुरून पाहा. आजोबा भेटतील.