आधी बाळंतिणीची झोप विचारा



होमिओपॅथांच्या मेळाव्यात अध्यक्षाने आपल्या पॅथीची थोरवी गावी, सरकारकडे चार मागण्या कराव्या आणि खाली बसावं, अशी आपल्याकडे रीत आहे. मागण्यांचे ठराव संध्याकाळी होतीलच. मला मिळालेली वेळ मी एका चुकीसाठी वापरणार आहे. चूक माझीच आहे.

दवाखाना टाकून तेव्हा तीन वर्षं झाली होती. बाळंतपणाला माहेरी आलेल्या एका मुलीला तिची आई घेऊन आली. नववा दिवस होता. पाचवी पुजली तोवर सगळं ठीक, मग मुलीची झोपच उडाली. बाळ झोपलं तरी ही टक्क जागी. रात्री दोनला उठून भांडी घासायची, कपाट लावायची, आणि दमल्याचं नाव नाही. बोलता बोलता मध्येच थांबून कानोसा घ्यायची. आई म्हणाली, बाळंतवारं शिरलंय. आजीच्या मते बाहेरचं होतं. दृष्ट काढून झाली होती. मी तासभर केस घेतली. लक्षणं इतकी सुरेख जुळली की मी मनातून खूश झालो, हे आज सांगताना लाज वाटते. हायोसायमस दिलं, तीन दिवसांनी या म्हटलं.

दुसऱ्या रात्री ती बाळाला घेऊन मळ्यातल्या विहिरीच्या कठड्यावर बसलेली सापडली. पिकाला पाणी द्यायला गेलेल्या गड्याने पाहिलं म्हणून दोघं वाचली. हे बाळ माझं नाही, बदललंय, याला आत ठेवलं की माझं मला परत मिळेल, असं ती अगदी शांतपणे सांगत होती.

त्या तासाभरात मी तिला तहान विचारली, ऊन सोसतं का विचारलं, स्वप्नं विचारली. बाळाबद्दल मनात काही भलतं येतं का, एवढंच विचारलं नाही. विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल असं वाटलं. ही भीती खोटी आहे. विचारल्याने असे विचार पेरले जात नाहीत, आणि कुणीतरी विचारलं म्हणून अनेक बायकांना हायसंच वाटतं.

बाळंतपणानंतरच्या या मनोविकाराची ओळख जुनी आहे. फ्रान्सच्या लुई-व्हिक्टर मार्सेने १८५८ मध्ये गर्भवती आणि बाळंतिणींच्या वेडावर अख्खा ग्रंथ लिहिला. हजार बाळंतपणांत एक किंवा दोन, असं प्रमाण धरतात. वर्षाला पाच हजार बाळंतपणं होणाऱ्या तालुक्यात पाच ते दहा घरं झाली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतीण उगाच रडते, चिडते, आणि आठ-पंधरा दिवसांत निवळते. ते वेगळं, ते निम्म्याहून अधिक जणींना होतं. हे मात्र बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच उसळतं आणि तासागणिक रंग बदलतं. सकाळी ती तुमच्याशी नीट बोलेल आणि दिवेलागणीला नवऱ्याला ओळखणार नाही. सकाळच्या त्या बोलण्यावर विसंबून आपण फसतो. तिला किंवा तिच्या आईला, बहिणीला पूर्वी बायपोलर आजार झालेला असेल तर धोका कितीतरी वाढतो, पण पूर्वी काहीच नसलेल्या मुलींनाही हा होतो. माझ्याकडे आलेल्या त्या मुलीच्या घरात काही नव्हतं.

आता कडू भाग. केंटच्या रेपर्टरीत बाळंतपणातल्या वेडाचा रुब्रिक आहे, त्यात औषधांची रांग आहे. पण आपल्या गोळ्यांनी हा आजार आटोक्यात येतो असं दाखवणारा एकही भक्कम अभ्यास मला आजवर दिसलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य आणि वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये तर, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कुठल्याच आजारात नाही, असा निष्कर्ष काढला. त्या निष्कर्षावर आपण वर्षानुवर्षं भांडू. बाळंतिणीकडे तेवढा वेळ नसतो. मानसोपचारतज्ज्ञांची औषधं, लिथियम, गरज पडली तर भूल देऊन केलेली ईसीटी, यांनी बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. शॉक म्हटलं की घरचे घाबरतात. भूल न देता ईसीटी करायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी घातली आहे, हे त्यांना तुम्ही सांगा. तुमच्यावर त्यांचा विश्वास असतो.

कुणी म्हणेल, हानेमानच्या ऑर्गेननमधले मनोविकारांवरचे २१० ते २३० परिच्छेद मग कशासाठी? मी ते पुन्हा वाचले. हानेमानने १७९२ मध्ये क्लोकेनब्रिंग नावाच्या हानोव्हरच्या अधिकाऱ्याला मारझोड न करता, साखळदंड न घालता बरं केलं. तेव्हा होमिओपॅथीचा जन्मही झाला नव्हता! तिथे आधी कामाला आली ती माणुसकी. तो वारसा आपला आहे आणि त्याला पुरावा लागत नाही.

पूरक हा शब्द आपण फार सैल वापरतो. पूरक म्हणजे आधी आपलं, मग जमलं तर त्यांचं, असं नव्हे. पहिल्या दिवशी आपलं काम एकच, ओळखायचं आणि पाठवायचं, तेही गाडी ठरवून, सोबत माणूस देऊन. ताप, फार डोकं दुखणं किंवा झटका असेल तर क्षणही दवडू नका. जंतुसंसर्ग असू शकतो, मेंदूच्या शिरेत गुठळी असू शकते. आपल्याकडे बाळंतिणीला पाणी तोडतात, वर शेक-शेगडी. अंगातलं पाणी कमी झालं की गुठळीला वाव मिळतो, आणि पुढे लिथियम सुरू असेल तर त्याची पातळी वाढून विषबाधा होऊ शकते. आजीला हे पटवणं शहरातल्या तज्ज्ञाला जमणार नाही, तुम्हाला जमेल.

नंतरचे महिने खऱ्या अर्थाने आपले. कुटुंब आपल्याकडेच येत राहतं. तिला आपलं औषध हवं असेल तर द्या, पण तज्ज्ञाला कळवून, आणि त्याच्या गोळ्यांना हात न लावता. एक शब्द मात्र या आजारात कायमचा पुसा: अ‍ॅग्रव्हेशन. औषध लागू पडतंय म्हणून लक्षणं वाढली, असं सांगून दोन दिवस थांबवलं की विहीर जवळ येते. पुढच्या खेपेला हा आजार तीनांत एकीला, कधी दोघींत एकीला उलटतो. म्हणून दुसरं मूल ठरवण्याआधीच तज्ज्ञाकडे पाठवा. आणि आईला भरती केलं की बाळ तोडावं लागतं, असं कुणी म्हणालं तर त्याच २०१७ च्या कायद्याचं कलम २१ दाखवा. तीन वर्षांखालचं मूल एरवी आईपासून तोडायचं नाही, असं त्यात आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई आणि बाळाला एकत्र ठेवणारा विभाग आहे. आपल्या जिल्ह्यांत असे विभाग हवेत, ही माझी सरकारकडे एकमेव मागणी.

आशाताई सरकारी कार्यक्रमानुसार तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जातात, नेमक्या याच धोक्याच्या दिवसांत. त्या बाळाचं वजन करतात. आपापल्या गावातल्या ताईंना एक वाक्य शिकवा: बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?

ती मुलगी बरी झाली. तिला मी बरं केलं नाही, मी उशीर केला.

मागच्या टेबलावर जिल्हावार मानसोपचारतज्ज्ञांचे नंबर लिहून ठेवलेत. खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. आपल्या तालुक्याला जवळचा नंबर मोबाइलमध्ये टाकून घ्या, आणि मगच जेवणाच्या पानावर बसा.