रक्ताचे दप्तर आणि एका अक्षराचा फरक
(म्हसावद येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो वरकरणी प्रयोगशाळेतला वाटेल. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या भागातील अनेक घरांशी त्याचा संबंध आहे. सिकलसेल हा नंदुरबार जिल्ह्यातील, विशेषतः आदिवासी समाजातील, आरोग्याचा मोठा प्रश्न होय. हा आजार जंतूंमुळे होत नाही, स्पर्शाने पसरत नाही, की कोणाच्या नजरेने लागत नाही. रक्तातील एका प्रथिनाचा एकच घटक बदललेला असतो, एवढेच त्याचे मूळ. मी कला शाखेचा पदवीधर आहे. म्हणून हा विषय मला जसा उमजला तसाच, आपल्या नित्य व्यवहारातील उदाहरणांनी मांडतो.

तलाठ्याकडे जमिनीचे मूळ दप्तर असते. लोकांच्या हाती पडतो तो सातबाराचा उतारा. पेशीतही हीच पद्धत आहे. केंद्रकातील डीएनए हे मूळ दप्तर. एखादे प्रथिन हवे असले म्हणजे त्यातील तेवढ्याच नोंदीची नक्कल निघते. तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. ही नक्कल केंद्रकाबाहेर येते आणि रायबोसोम नावाचे सूक्ष्म कारागीर ती तीन-तीन अक्षरांनी वाचतात. वाचतील त्याप्रमाणे एकेक अमिनो आम्ल मण्यासारखे ओवले जाते आणि प्रथिनाची साखळी तयार होते. मण्यांचे प्रकार मुख्यतः २०. ही लिपी उलगडण्याच्या कार्याबद्दल डॉ. हरगोविंद खोराना यांना १९६८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

साखळी ओवली म्हणजे काम संपले असे नाही. तिला घडी पडावी लागते, तिच्यावर संस्कार व्हावे लागतात आणि ती योग्य ठिकाणी पोहोचावी लागते. दुधाचेच उदाहरण घ्या. गाईच्या कासेतील पेशी केसीन नावाचे प्रथिन तयार करतात. त्याच्या साखळीच्या आरंभीच जणू पत्ता लिहिलेला असतो. त्या पत्त्यानुसार साखळी आंतर्द्रव्यजालिकेत शिरते. पुढे गॉल्जी संकुलात तिला फॉस्फेट जोडले जाते. त्यामुळेच केसीन दुधातील कॅल्शियम धरून ठेवू शकते. नंतर ते सूक्ष्म पिशव्यांत भरून पेशीच्या काठाशी नेले जाते आणि दुधात सोडले जाते. साखळीवरील या पत्त्याचा शोध लावणारे गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तातील हिमोग्लोबिन मात्र पेशीबाहेर जाणारा माल नव्हे. अस्थिमज्जेत वाढणाऱ्या रक्तपेशींमध्ये ते बनते आणि तेथेच राहते. साखळीचा पहिला मणी काढून टाकला जातो, लोहयुक्त हीम तिच्यात बसते आणि १४१ मण्यांच्या दोन अल्फा व १४६ मण्यांच्या दोन बीटा साखळ्या मिळून एक रेणू सिद्ध होतो. प्राणवायू वाहून नेण्याचे काम तो करतो.

सिकलसेलमध्ये बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. १९५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी हे दाखवून दिले. पहिले पाण्याशी जमवून घेणारे, तर दुसरे पाण्यापासून दूर राहू पाहणारे. त्यामुळे प्राणवायू सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर बनते. बारीक रक्तवाहिन्यांत ती अडकते. हातपाय व सांधे असह्य दुखतात. सुमारे १२० दिवस जगणारी पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते आणि रक्तक्षय जडतो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कारागीर चुकलेला नसतो, उताराही खराच असतो. मूळ दप्तरातील एक अक्षर वेगळे असते. म्हणून केवळ सकस आहाराने किंवा लोहाच्या गोळ्यांनी हा आजार बरा होत नाही. या नोंदीच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून. एकच प्रत बदललेली असेल तर ती व्यक्ती वाहक. तिची प्रकृती सहसा उत्तम असते. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर आजार होतो. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याचा संभव २५ टक्के असतो. पहिले मूल निरोगी निघाले म्हणून पुढचा धोका टळत नाही. मूल आजारी निघाले की दोष सुनेला देण्याची रीत किती अन्यायाची आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे. हा कोणाचा शापही नव्हे. वाहकांना तीव्र हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, हे ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखविले. हिवतापाच्या प्रदेशांत ही नोंद टिकून राहिली, ती त्यामुळेच.

आता आपले कर्तव्य. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेस प्रारंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही तिची उद्दिष्टे आहेत. तपासणीसाठी रक्ताचे काही थेंब पुरतात. पंचायत सदस्यांनी पाड्यापाड्यावर तपासणीचा आग्रह धरावा. सोयरीक जुळविताना दोन्ही बाजूंचे निष्कर्ष पाहिले जावेत. मात्र वाहक असल्याचे कारण सांगून कोणा मुलीची अवहेलना होऊ नये. दोघेही वाहक असल्यास त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शिक्षकांनी वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलास आळशी ठरविण्यापूर्वी त्याचे अंग दुखते काय, हे विचारावे. त्यास भरपूर पाणी पिऊ द्यावे, थंडीपासून जपावे आणि ताप येताच दवाखान्यात धाडावे.

उपचारही आहेत. गर्भातील बाळासाठी आपल्या दप्तरात हिमोग्लोबिनची एक वेगळी नोंद असते. तिच्यामुळेच जन्मानंतरचे पहिले काही महिने आजाराची लक्षणे दिसत नाहीत. हायड्रॉक्सियुरिया हे औषध ती मिटलेली नोंद पुन्हा काही अंशी उघडते व वेदनांचे झटके कमी करते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यावे लागते.

दप्तरातले अक्षर आपण सहजासहजी बदलू शकत नाही. पण ते वेळीच वाचून घेणे आपल्या हाती आहे. म्हसावद परिसरातील प्रत्येक घराने ते वाचून घ्यावे, एवढीच नम्र विनंती करून मी माझे भाषण संपवितो.