पगारांतील काट सोसावी तर कशी?



पिंपरी-चाकणच्या कारखान्यांत आपल्याच घरचीं मुलें राबतात. मंदी आली कीं मालक म्हणतो, "थोडा पगार सोडा, नाहीं तर माणसें कमी करावीं लागतील." अशा वेळीं काय करावें?

दुष्काळांत भाकर कमी पडली तर आपण घरांतल्या एकालाच उपाशी निजवीत नाहीं. सारेच चतकोर कमी खातों. सोबत्याची चूल पेटती राहत असेल तर काट सोसण्यांत कमीपणा नाहीं.

सन २०२० च्या एप्रिलांत, टाळेबंदींत, बजाज ऑटोच्या कामगार संघटनेनें शेंकडा १० काट मान्य केली. पुढें कंपनीनेंच ती मागें घेतली. पण सगळीकडे असें घडत नाहीं. २०२१ सालीं तळेगांवच्या जनरल मोटर्सनें १,४१९ कामगारांना 'ले-ऑफ' दिला. म्हणून तोंडच्या शब्दावर विसंबूं नका.

काट किती महिने? कापलेलें परत कधीं मिळणार? तोंवर कोणाला, कंत्राटी पोरांनाहि, काढणार नाहीं असें लिहिलें आहे काय? साहेबांचा पगार आधीं कापला काय? मूळ पगाराला मात्र हात लावूं देऊं नका. भविष्यनिधि व ग्रॅच्युइटी मुख्यतः त्यावरून मोजतात.

ज्याला कागद समजतो त्यानें तो चौघांना वाचून दाखवावा, मगच सही करावी. न वाचतां केलेली सही आणि आपल्या आज्यानें सावकाराच्या कागदावर उठविलेला अंगठा, दोन्ही सारखेच.