मौनाचे उत्तरदायित्व



द्यूतसभेत द्रौपदीने प्रश्न विचारला, तेव्हा तेथे ज्ञानवृद्ध होते, वयोवृद्ध होते, शस्त्रधारी वीरही होते. तरीही बहुतेकांच्या माना खाली गेल्या. जाणूनबुजून उत्तर न देणारा सभासद पापाचा वाटेकरी होतो, असे विदुराने तेथेच बजावले. कौरवबंधूंपैकी एकटा विकर्ण बोलला.

हाच विचार आजच्या कायद्यातही आहे. खून, दरोडा, बनावट नोटा अशा गुन्ह्यांची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती दंडाधिकाऱ्यास वा पोलीस अधिकाऱ्यास कळवावी, असे बंधन १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये आहे. जुन्या संहितेतील यादीत बलात्कार मात्र नव्हता. बालकांच्या बाबतीत ही उणीव २०१२च्या ‘पॉक्सो’ कायद्याने भरून काढली. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्यास ठाऊक आहे, किंवा तो होण्याची ज्यास धास्ती वाटते, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचे कृत्य दडवले, तर एक वर्षापर्यंत कारावास आणि दंड.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे वसतिगृहातील आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण पुढे आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असूनही ती पोलिसांना दिली नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्धची कारवाई रद्द केली. परंतु २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्दबातल ठरवला. माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

तरीही घराघरांत कुजबुज ऐकू येते, ‘मुलीचे नाव होईल’, ‘काका घरचेच आहेत’, ‘संस्थेची इतक्या वर्षांची पुण्याई धुळीस मिळेल’. यातील पहिली भीती कायद्याने ओळखली आहे. बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. जबाब घरी वा बालकाला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना घ्यायचा असतो. ‘खोटे निघाले तर?’ या प्रश्नालाही उत्तर आहे. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कोणतीही कारवाई होत नाही. पुरावा शोधणे हे तपास यंत्रणेचे काम आहे. नागरिकाने केवळ कळवायचे आहे.

उरलेल्या दोन सबबींना मात्र कायद्यात स्थान नाही. शाळा, वसतिगृहे, संस्कारवर्ग चालवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. तक्रार कानी येताच कार्यकारिणीची बैठक बोलावून ‘अंतर्गत चौकशी’त दिवस घालवले, तर वैद्यकीय पुरावा नष्ट होतो आणि बालक त्याच छपराखाली त्याच माणसासमोर राहते. प्रथम पोलीस ठाणे, नंतर बैठक, हाच क्रम हवा. बालकांसाठीची मदतवाहिनी १०९८ अहोरात्र उपलब्ध आहे.

संस्थेचे नाव तिच्या भिंतींमुळे टिकत नाही. आईबापांनी ज्या विश्वासाने लेकरू तिच्या दारात सोडले, त्या विश्वासामुळे ते टिकते. त्या विश्वासाला जागण्यासाठी सभेत एक विकर्ण पुरेसा नाही. प्रत्येक सभासदाने बोलले पाहिजे.