मेनूकार्ड हातात घ्या आणि विचारा

आमच्या बचत गटाच्या आम्ही नऊ जणी पुदुच्चेरीला गेलो होतो. १९५४ पर्यंत तिथं फ्रेंचांचं राज्य, म्हणून समुद्राकडच्या गल्ल्यांत फ्रेंच पद्धतीची हॉटेलं आहेत. त्यातल्या एका गर्दीच्या हॉटेलात आम्ही शिरलो.

मेनूकार्डावरची नावं बघून दोघी म्हणाल्या, "चला गं, इडली खाऊ." पण आम्ही बसलोच. वेटरदादाला एकेक पदार्थ विचारला. क्रेप म्हणजे मैदा, दूध, अंड्याचं पातळ धिरडं. रातातुई म्हणजे वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरचीची मंद आचेवरची भाजी. कांद्याचं सूप मात्र नावालाच कांद्याचं; मूळ पद्धतीत ते गोमांसाच्या रश्श्यात करतात. आमच्या काकू माळकरी! त्यांनी रातातुई आणि लांबडा पाव घेतला. त्या पावात मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, एवढंच असतं. शाकाहारी असाल तर सूप कशात शिजवलंय हे विचारल्याशिवाय मागवू नका.

बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला होता. जीएसटी हा कर, तो द्यायचाच. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचनांप्रमाणे हॉटेलला तो आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. आम्ही शांतपणे काढायला सांगितलं, मॅनेजरनं काढला. वाचलेल्यातले शंभर रुपये वेटरदादाच्या हातात दिले, त्यानंच तर सगळं समजावलं होतं.

रातातुई कशी होती? काकू म्हणाल्या, "बरी होती. दाण्याचं कूट हवं होतं."