बलांची बेरीज



विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना शाळेतला फळा आठवला असेल आणि मनात थोडी धास्तीही उपजली असेल. ती बाळगण्याचे कारण नाही. आजचा विषय आम्ही एका दोरीच्या आधाराने मांडणार आहोत, आणि दोरी तर घरोघरी असते. दोरी तुटते केव्हा, हा आमचा प्रश्न. प्रश्न घरगुती खरा; परंतु बांधकामावर तुळई उचलली जात असता जवळपास वावरणाऱ्या मजुराचा जीव याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो.

तांदळाची बेरीज सरळ असते. 3 किलोंत 4 किलो मिळवले की 7 किलो होतात. बलाचे तसे नाही. एका ओंडक्याला दोन दोर बांधून एकाने 3 किलोंच्या ओढीने पूर्वेकडे व दुसऱ्याने 4 किलोंच्या ओढीने उत्तरेकडे ओढले, तर ओंडक्यावर एकंदर ओढ 7 किलोंची पडत नाही, 5 किलोंची पडते. आणि तीही दोघांच्या मधल्या, किंचित उत्तरेकडे झुकलेल्या दिशेने. दोघे एकाच दिशेला ओढतील तर 7. एकमेकांविरुद्ध ओढतील तर अवघी 1! माणसे तीच, जोर तोच. फरक केवळ दिशेचा. ज्या राशीला परिमाणाबरोबर दिशाही असते तिला सदिश म्हणतात. बल सदिश आहे, वेगही सदिश आहे.

अशी बेरीज करण्याची रीत सोपी आहे. दोन्ही बलांच्या प्रमाणात, त्यांच्या दिशेने, एकाच बिंदूपासून दोन रेषा काढाव्या, त्यांवर समांतरभुज चौकोन पुरा करावा. त्या बिंदूतून निघणारा कर्ण म्हणजे बेरीज. न्यूटनने 1687 साली आपल्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथात गतीचे तीन नियम सांगितल्याबरोबर पहिला उपसिद्धांत दिला तो हाच. त्याच्याही शंभर वर्षे आधी, 1586 साली, सायमन स्टेव्हिन याने दोन उतरणींवर टाकलेल्या गोळ्यांच्या माळेचा विचार केला होता. माळ आपोआप सरकू लागली तर ती कायमच फिरत राहील, आणि ते तर अशक्य. तेव्हा ती स्थिरच राहिली पाहिजे, एवढ्या युक्तिवादावरून त्याने उतरणीवरील बलांचा हिशेब काढला.

आता आपल्या दोरीकडे वळू. 4 मीटर अंतरावर दोन खुंट्या आहेत आणि दोरीच्या मध्यभागी 10 किलोंची ओली गोधडी टांगली आहे. दोरीच्या दोन बाजूंच्या ओढींची बेरीज सरळ वर, बरोबर 10 किलो व्हावयास हवी. झोळ 1 मीटर असेल तर प्रत्येक बाजूवर सुमारे 11 किलोंचा ताण येतो. झोळ 20 सेंटिमीटर असेल तर 50 किलोंचा; 10 सेंटिमीटर असेल तर 100 किलोंचा! कारण उघड आहे. दोरी जितकी आडवी, तितका तिच्या ओढीतला वर उचलणारा भाग लहान. उरलेला जोर दोन्ही खुंट्यांना एकमेकींकडे खेचण्यात जातो. टांगलेल्या गोधडीखाली दोरी अगदी सरळ राहावी असा हट्ट धराल तर खुंटी उपटेल किंवा दोरी तुटेल. दोरीला झोळ पडतो तो आळसामुळे नव्हे, त्या झोळावरच गोधडी तोलली जाते.

हाच हिशेब बांधकामावर न्या. 1000 किलोंची तुळई दोन पदरी दोराने उचलायची आहे. पदर उभे असतील तर प्रत्येकावर 500 किलो. जमिनीशी 60 अंशांचा कोन असेल तर 577. 30 अंशांचा असेल तर पुरते 1000. आणि 10 अंशांचा असेल तर सुमारे 2,880 किलो. दोर आखूड पडला म्हणून पदर फाकवून बांधले, की 500 किलो सहज पेलणारा दोर तुटतो. पुढे लोक दोराला दोष देतात. दोष कोनाचा असतो.

आता गतीविषयी. विहिरीतून 10 किलोंची भरलेली बादली संथपणे, एकाच वेगाने वर येत आहे. दोराची ओढ किती? बादली वर येते म्हणजे ओढ 10 किलोंहून अधिक असणार, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. ओढ बरोबर 10 किलो. वर 10, खाली 10, बेरीज शून्य. आणि बेरीज शून्य असेल तर स्थिर वस्तू स्थिर राहते व चालती वस्तू त्याच वेगाने सरळ चालत राहते. वेग टिकवण्यास उरलेले बल लागत नाही, ते लागते वेग बदलण्यास. हिसका देऊन एक दशांश सेकंदात बादलीला सेकंदाला 1 मीटर इतका वेग दिला, तर तेवढ्या अवधीत ताण सुमारे 20 किलोंवर जातो. जुना दोर हिसक्याने तुटतो तो यामुळे. उतरणारे ओझे एकदम थांबवले तरी परिणाम हाच.

तेव्हा ओझे किती, एवढे विचारून भागत नाही. दोर कोणत्या कोनात आहे आणि ओझे कसे हलवले जात आहे, हेही विचारावे लागते. उद्या आपल्या घराच्या बांधकामावर जाल, तेव्हा फाकलेले दोर दिसले तर मुकादमाला थांबवून लांब दोर आणावयास सांगा. लांब दोराला चार पैसे जास्त पडतील. पण खाली माणसे काम करीत असतात.