पहिल्या महिन्यात काय विचारू नये
(रुग्णभेटीला जाणाऱ्या स्वयंसेवकांपुढे दिलेले भाषण)



मज्जारज्जूला दुखापत झालेल्या माणसाकडे आपण जातो, तेव्हा आपली नजर आधी त्याच्या पायांकडे जाते. पाय हलतात का, पुन्हा चालेल का, हेच आपण विचारतो. आज मला त्याच्या मनाविषयी बोलायचे आहे.

9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून माणसे रुळांवर पडली. त्या दिवशी चौघे गेले. अशा वेळी मृतांचा आकडा छापून येतो, पण जे वाचतात त्यांचे पुढे काय होते ते कुणी लिहीत नाही. शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर कुणी आंबे उतरवताना झाडावरून पडला, तर त्याची बातमीही होत नाही.

अपघात संपलेला असतो, पण शरीराला ते कळलेले नसते. रात्री पुन्हा पडल्याचे स्वप्न पडते. कुणी भांडे आपटले तरी माणूस दचकतो. पहिल्या काही आठवड्यांत असे होणे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांचे ते हळूहळू ओसरते. महिना उलटूनही राहिले आणि रोजच्या जगण्यात आड येऊ लागले, तर डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात. त्यावर उपचार आहेत.

याची किंमत शरीरालाही मोजावी लागते. डोंबिवलीत लोकलमधून पडलेल्याला व्यायामोपचारासाठी शीव किंवा हाजी अलीला जायचे, तर पुन्हा लोकलच गाठायची. गाडीचा भोंगा ऐकून त्याला घाम फुटतो. “आज बरे वाटत नाही,” म्हणून तो तारीख चुकवतो. घरचे म्हणतात, आळशी झाला. इकडे सांधे आखडतात, पडून पडून पाठीला जखमा होतात.

पाड्यावर हेच दचकणे, रात्रीचे ओरडणे “बाहेरचे” ठरते आणि भगताला बोलावले जाते. भगताला नावे ठेवून काही साधत नाही. घरच्यांना शेजारी बसवून समजावून सांगा. आपल्यातही कुणी म्हणते, याचा विश्वास कमी पडला. ते मला अधिक वाईट वाटते.

आता टाळता काय येईल? “सगळे बोल, मोकळा हो,” असे म्हणून एका बैठकीत घटना वदवून घेतल्याने पीटीएसडी टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही तसे करू नका म्हणते. तेव्हा “कसा पडलास?” हे विचारू नका. वॉर्डात आलेला प्रत्येक पाहुणा तेच विचारतो! तो आपणहून सांगू लागला, तर मात्र मध्ये न बोलता ऐका. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले होते तोवर ठीक होते, बोलू लागले तेव्हा बिघडले. आणि मोबाइल पुढे धरून साक्ष मागू नका, या पत्रिकेसाठीही नाही.

दुखत असेल तर ते परिचारिकेच्या कानावर घाला. दुखणे आणि जागरण यांनी भीती पोसली जाते. शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी मात्र देऊ नका. कूस बदलताना, हात लावताना आधी सांगा, कारण कमरेखाली त्याला स्पर्श कळत नसेल. “तू नक्की चालशील,” असे वचन देऊ नका. पहिल्या आठवड्यांत डॉक्टरांनाही पुष्कळदा निश्चित सांगता येत नाही. बायको किंवा आई रात्रंदिवस उशाशी असते, तिला दोन तास घरी झोपायला पाठवा. ही सेवा लांबलचक प्रार्थनेपेक्षा कमी नाही.

मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात कण्यात गोळी लागून जायबंदी झाले आणि 1972 साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवून आले. सिनेमामुळे आता सर्वांना ठाऊक आहेत. पण खाटेवर पडून आठवडा झालेल्याला पदकाची गोष्ट जड जाते. त्याला भेटवायचा तो व्हीलचेअरवरचा, कल्याणचाच एखादा, जो लघवीची नळी कशी सांभाळायची, आंघोळ कशी करायची हे दाखवील. मुंबईत पॅराप्लेजिक फाउंडेशन आणि नीना फाउंडेशन अशा लोकांसाठीच काम करतात, त्यांच्याकडे विचारा.

अपघाताची तारीख वहीत लिहून ठेवा आणि महिन्याने पुन्हा जा. झोप लागते का, कशाला टाळतोस का, जगणे नकोसे वाटते का, हे एकट्याला, हळू विचारा. होय म्हणाला तर थांबू नका. 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक विनामूल्य आहे, मराठीतही बोलतात. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही दाखवता येते. पहिल्या दिवशी त्याच्यासोबत तुम्ही जा, आणि गाडीची भीती असेल तर रिक्षाचे भाडे आपल्या निधीतून द्या.